सुलतान, कापाब्लांका आणि माझं अप्रेजल

एप्रिल महिना म्हणजे बाकीच्या महाराष्ट्रासाठी हापूसचा सीझन. आपल्यासाठी अप्रेजलचा. पेटी घरी येते की नाही याची काळजी आईला, आणि इन्क्रिमेंट येते की नाही याची आपल्याला.

परवा माझं अप्रेजल झालं. एकूण बावीस मिनिटं. त्यातली सहा मिनिटं सर फोनवर होते. उरलेल्या सोळा मिनिटांत मला कळलं की मी 'खूप मेहनती' आहे, 'टीम प्लेयर' आहे, आणि पाचपैकी तीन आहे. तीन! म्हणजे काय, तर 'अपेक्षेइतकं काम'. म्हणजे रिक्षावाल्याने मीटरने नेलं, एवढंच. तुमचं झालंय ना अप्रेजल? मग त्या काचेच्या केबिनमधून बाहेर येताना चेहरा कसा ठेवायचा हा प्रॉब्लेम तुम्हाला सांगायला नको. मी तडक कँटीन गाठली, कटिंग घेतला आणि कोणावर तरी भडास काढायची म्हणून इकडेतिकडे बघायला लागले.

समोर एकच माणूस होता. आमच्या टीममधला एक मुलगा. कॉन्ट्रॅक्टवरचा. आमची आयकार्डं निळी, त्याचं पिवळं. आमची जागा खिडकीजवळ, त्याची प्रिंटरच्या शेजारी. मूळचा सांगलीचा. एरवी मान खाली घालून काम करणारा आणि लंचमध्ये मान खाली घालूनच मोबाइलवर बुद्धिबळ खेळणारा. मी समोर बसले आणि सुरू झाले. कसं मी वर्षभर त्या रिपोर्टवर जीव टाकला, कसं कुणाला काही दिसत नाही, कसं इथे बोलणाऱ्याची बोरं विकतात आणि न बोलणाऱ्याचे आंबेही जातात तसेच.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, तुम्हाला सुलतान खान माहितीय का?"

"सलमानचा पिक्चर ना?"

तो हसला. "नाही मॅडम. बुद्धिबळवाला. त्याने कापाब्लांकाला हरवलं होतं."

मला कापाब्लांका म्हणजे एखादी कॉफी वाटली होती, हे मी त्याला सांगितलं नाही. पण पुढचा अर्धा तास मी माझं अप्रेजल विसरले. घरी जाऊन रात्री दोनपर्यंत वाचत बसले. आणि आता तुम्हालाही सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कोण हा सुलतान?

नाव सुलतान, पण गादी-बिदी काही नाही. जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा, पंजाबातल्या मिठा तिवाना या गावचा. आज हे गाव पाकिस्तानात आहे. वडिलांनी लहानपणीच पटावर बसवलं. पट तोच, चौसष्ट घरांचा. पण खेळ वेगळा. आपला देशी!

देशी बुद्धिबळ तुमच्या आजोबांनी कदाचित खेळलं असेल. त्यात प्रांतोप्रांती थोडे फरक असायचे, पण ढोबळ नियम असे: प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालणार, दोन नाही. कॅसलिंग नाही, म्हणजे राजाला एका फटक्यात कोपऱ्यात नेऊन हत्तीच्या आड लपवायची सोय नाही. त्याऐवजी राजाला पूर्ण डावात एकदाच घोड्यासारखं अडीच घरं उडी मारायची मुभा. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की हवा तो वजीर मिळत नसे, ज्या मोहऱ्याचं ते घर असेल तेच मोहरं मिळे. एकूण काय, खेळ संथ. घाई चालत नाही. आणि राजाला मध्यभागी उभं राहून वारा खायची सवय.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

विशी ओलांडेपर्यंत हा पोरगा पंजाबातला सगळ्यात तगडा खेळाडू म्हणून ओळखला जायला लागला. तिथले एक बडे जमीनदार, सर उमर हयात खान तिवाना, यांनी त्याला हेरलं आणि आपल्या पदरी ठेवलं. त्याला युरोपियन नियम शिकवण्याची सोय केली. १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा झाली. सुलतानने आठ डाव जिंकले, एक बरोबरीत सोडवला, हरला एकही नाही. पुढच्याच वर्षी सरसाहेब लंडनला निघाले, तेव्हा त्यालाही बोटीवर घेतलं.

लंडनमध्ये पहिला अनुभव कसा आला असेल? आपल्या पहिल्या ऑनसाइट ट्रिपसारखाच. दाणकन आपटला! सरावासाठी म्हणून एक छोटी स्पर्धा भरवली होती, त्यात गडी शेवटच्या नंबरावर. युरोपियन ओपनिंगची थिअरी त्याला ठाऊकच नव्हती. समोरचे पहिल्या दहा-बारा खेळ्या पाठ करून आलेले, आणि हा दुसऱ्या खेळीपासून डोकं वापरतोय. विंटर आणि येट्स हे दोन इंग्लिश मास्टर होते, त्यांनी मग त्याला थोडं शिकवलं.

आणि त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश चॅम्पियनशिप झाली. कोण जिंकलं असेल?

करेक्ट. लंडनला येऊन काही महिने झालेले, थंडीने गारठलेला, इंग्रजी जेमतेम येणारा, देशी बुद्धिबळावर वाढलेला सुलतान खान ब्रिटनचा चॅम्पियन झाला. १९२९ साली. देश पारतंत्र्यात, आणि राज्यकर्त्यांच्या खेळातला मुकुट आपल्या माणसाच्या डोक्यावर.

ते कापाब्लांका कोण?

आता समोरच्याचीही ओळख करून घेऊ, कारण मॅचची मजा समोर कोण आहे यावर असते.

होजे राउल कापाब्लांका. क्यूबाचा. १९२१ ते १९२७ जगज्जेता. दिसायला हिरो, कपडे टापटीप, खेळ त्याहून टापटीप. त्याच्या खेळात कष्ट दिसायचेच नाहीत. मोहरी आपसूक जागेवर जाऊन बसताहेत असं वाटायचं. १९१६ ते १९२४ या आठ वर्षांत हा माणूस एकही डाव हरला नव्हता. परत वाचा. आठ वर्षं, शून्य पराभव. सचिन आठ वर्षं एकदाही आउट झाला नसता तर आपण काय केलं असतं? बस, तसंच. लोक त्याला बुद्धिबळाचं यंत्र म्हणायचे. खास करून डाव शेवटाकडे सरकला, मोहरी कमी उरली, की कापाब्लांकासमोर बसलेल्या माणसाने देवाचं नाव घ्यायला सुरुवात करावी.

१९२७ मध्ये अलेखाइनने त्याचा किताब घेतला होता, पण म्हणून तो काही निवृत्त झाला नव्हता. १९३० च्या डिसेंबरअखेरीस तो इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्जला आला. तिथे दर नाताळात स्पर्धा भरते. यंदाचं स्टार अट्रॅक्शन कापाब्लांका. सोबत हॉलंडचा मॅक्स यूव्हे, जो पुढे १९३५ मध्ये स्वतः जगज्जेता झाला. आणि यादीत एक नाव: सुलतान खान.

जरा बाहेर डोकावू. त्याच हिवाळ्यात लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद चालू होती. हिंदुस्थानी लोकांना राज्यकारभार जमेल का, यावर मोठमोठ्या टेबलांभोवती चर्चा. डॉ. आंबेडकर तिथे जाऊन दलितांच्या हक्कांसाठी भांडत होते. काँग्रेस आलीच नव्हती, कारण गांधीजी मिठाच्या सत्याग्रहानंतर आपल्या पुण्याच्या येरवडा जेलमध्ये होते. आणि तिकडे समुद्रकाठच्या गावात एक पंजाबी माणूस एका छोट्या टेबलावर, काही न बोलता, जगातल्या सर्वांत कठीण खेळाडूसमोर बसला होता.

आता डाव!

घाबरू नका, खेळ्यांची यादी देत नाही. गोष्टच सांगते.

सुलतानकडे पांढरी मोहरी. पाचव्या खेळीला त्याने वजीराच्या बाजूच्या कडेचं प्यादं फक्त एक घर पुढे सरकवलं. एक घर. बघणाऱ्याला वाटावं, ह्याला काही सुचलं नाही वाटतं. पण हीच कल्पना पुढे काही दशकांनी पेट्रोशियनने वापरली, तो जगज्जेता झाला, आणि आज त्या पद्धतीला त्याचं नाव आहे. नाव कुणाचं लागलं बघा. असो, त्यावर नंतर येते.

डाव पुढे सरकला. कापाब्लांकाने एक घोडा ऐन मध्यावर आणून रोवला. सुलतानने मात्र राजाला कोपऱ्यात नेण्याची कुठलीच घाई केली नाही. उलट राजाच्या बाजूची प्यादी त्याने ढकलायला सुरुवात केली. शाळेत बुद्धिबळ शिकवणारे सर असते तर कान धरला असता. आधी राजा सांभाळ!

कापाब्लांकालाही तेच वाटलं असणार. त्याने दोन्ही हत्ती एकाच मोकळ्या पट्टीत लावले. एकामागे एक, थेट सुलतानच्या राजाच्या अंगणात घुसायला. एकविसाव्या खेळीला पहिला हत्ती आत शिरला. शह! सुलतानचा राजा शांतपणे एक पाऊल पुढे, उघड्यावर आला. लगेच दुसरा हत्ती घुसला. पुन्हा शह!

आता इथे तुमच्या-माझ्यासारखा माणूस घामाघूम झाला असता. घरात दोन हत्ती शिरलेत, राजा उघड्यावर. सुलतानने काय केलं? वजीर दिला. चक्क. वजीराने एक हत्ती मारला, दुसऱ्या हत्तीने वजीर मारला, आणि राजाने स्वतः पुढे होऊन तो दुसरा हत्ती मारला.

हिशेब करा. कापाब्लांकाकडे वजीर राहिला, पण दोन्ही हत्ती गेले. सुलतानकडे वजीर नाही, पण दोन हत्ती आहेत आणि दोन्ही उंटही. कागदावर जवळपास बरोबरी. पण पटावर? वजीर म्हणजे स्टार परफॉर्मर. त्याला धावायला मोकळं मैदान लागतं. आणि पटाचा मधला भाग प्याद्यांनी चोंदलेला होता. वजीर इकडे पळतोय, तिकडे पळतोय, शह देतोय, पण हाताला काही लागत नाही. दुसरीकडे दोन हत्ती जोडीने, एकमेकांना धरून, हळूहळू सरकताहेत. आणि राजा? राजा पटाच्या मध्याजवळ प्याद्यांच्या भिंतीमागे निवांत उभा. लहानपणी ज्याने कॅसलिंगशिवायचं बुद्धिबळ खेळलंय, त्याच्या राजाला उघड्यावर भीती कसली? असं मला वाटतं बुवा. जाणकार वेगळं सांगतील.

यापुढे चाळीस खेळ्या चालल्या. चाळीस! काही नाट्य नाही, फटाके नाहीत. नुसता दाब. प्यादं एक घर. हत्ती एक घर. समोरच्याला काय करावं ते सुचू नये, एवढंच. शेवटाकडे जाणाऱ्या संथ डावात ज्याला कुणी हात लावू शकत नव्हतं, त्या कापाब्लांकाला त्याच्याच घरात पिळून काढलं. पासष्टाव्या खेळीनंतर कापाब्लांकाने हार मानली.

स्पर्धेत यूव्हे पहिला, कापाब्लांका अर्ध्या गुणाने दुसरा, सुलतान तिसरा.

मग पुढे?

पुढे हिंदी सिनेमात जे होतं ते झालं नाही.

म्हणजे खेळला तो जबरदस्तच. १९३१ मध्ये टार्टाकोव्हरसारख्या नामांकित मास्टरला त्याने बारा डावांच्या मॅचमध्ये हरवलं. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये इंग्लंडकडून पहिल्या पटावर खेळताना फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना हरवलं, तेव्हाचा जगज्जेता अलेखाइन याच्याशी बरोबरी केली. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा ब्रिटिश चॅम्पियन. एकूण पाच वर्षांत तीनदा. आणि १९३३ मध्ये गंमत बघा, महिलांची ब्रिटिश चॅम्पियनशिप जिंकली मिस फातिमाने. तीही सर उमर हयात खान यांच्याच घरातली. एकाच छपराखाली ब्रिटनचे दोन चॅम्पियन, आणि दोघेही ब्रिटिश नव्हेत.

पण तब्येत साथ देत नव्हती. इंग्लंडची थंडी, सर्दी, घसा, वरून मलेरिया. गळ्याला पट्टी गुंडाळून तो डावाला बसायचा. १९३३ च्या अखेरीस सरसाहेब मायदेशी निघाले, सुलतानही परतला. १९३५ मध्ये त्याने एक मॅच खेळली ती एका मराठी आडनावाच्या खेळाडूशी, व्ही. के. खाडिलकरांशी. दहा डाव. खाडिलकरांना एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ सुलतानने खिशात घातले. आमच्या सांगलीकराने ही गोष्ट सांगताना "एक तरी सोडवला ना मॅडम!" असं म्हटलं, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान बघण्यासारखा होता.

त्यानंतर शांतता. मोठ्या स्पर्धा नाहीत, बातम्या नाहीत. १९४४ मध्ये सर उमर हयात गेले. १९४७ मध्ये देशाचे दोन देश झाले. १९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने, म्हणजे फिडेने, पहिल्यांदा ग्रँडमास्टरचे अधिकृत किताब वाटले. सत्तावीस जणांना. त्या यादीत टार्टाकोव्हर होता, ज्याला सुलतानने मॅचमध्ये हरवलं. फ्लोर होता, यूव्हे होता. वर्षानुवर्षं स्पर्धा न खेळलेला रुबिनस्टाइनही होता, आणि तो असायलाच हवा होता. सुलतान खान नव्हता. तो तेव्हा सरगोध्याकडे शेती बघत होता. १९६६ मध्ये तिथेच तो गेला. मुलांना त्याने बुद्धिबळ शिकवलं नाही म्हणतात. आयुष्यात याहून काही उपयोगाचं करा, असं त्याचं सांगणं होतं.

आणि मग फेब्रुवारी २०२४. फिडेचे अध्यक्ष पाकिस्तानात गेले आणि सुलतान खानला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब देण्यात आला. कापाब्लांकाला हरवल्यावर त्र्याण्णव वर्षांनी. माझं प्रमोशन एक वर्ष लांबलं म्हणून मी कटिंगचा ग्लास आपटत होते.

पण गोष्ट सांगतंय कोण?

इथे मला वाटलं होतं की कॉलम संपला. मॉरल रेडी: 'आज नाही तर उद्या, गुणांची कदर होतेच.' छान, गोड, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्यासारखं.

पण रात्री वाचता वाचता एक गोष्ट खटकली. सुलतान खानवर जे काही लिहिलं गेलंय, त्यात एक किस्सा हटकून येतो. अमेरिकन ग्रँडमास्टर रुबेन फाइनने सांगितलेला. त्यांची टीम सरसाहेबांच्या लंडनच्या घरी जेवायला गेली होती, आणि ज्याच्याशी हे लोक पटावर झुंजले तो सुलतान तिथे त्यांना वाढत होता. किस्सा ऐकला की पोटात कालवतं. नव्वद वर्षं हीच त्याची ओळख राहिली: बुद्धिबळ खेळणारा नोकर.

पण त्याच्या नातीने लिहिलंय की हे खरं नाही. तो नोकर नव्हता. पीर आणि जमीनदार घराण्यातला, मानाचा माणूस होता. तिच्या मते ही सगळी नोकराची गोष्ट गोऱ्या लोकांनी त्यांच्या चष्म्यातून रंगवलेली आहे. आणि मिस फातिमाने नंतर सांगितलं होतं की मायदेशी परतल्यावर सुलतानला तुरुंगातून सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे आपण ज्याला 'बिच्चारा, विसरला गेला' म्हणतोय, त्याला कदाचित ते सगळं नकोच होतं.

या सगळ्यात एक माणूस स्वतः कुठेच बोलत नाही. सुलतान. त्याच्याबद्दल जमीनदार बोलतो, फाइन बोलतो, फिडे बोलते, नात बोलते, आता मीही बोलतेय. त्याचं स्वतःचं म्हणणं आहे ते फक्त पासष्ट खेळ्यांत.

आणि हे वाचताना, खरं सांगते, मला अचानक प्रिंटरशेजारची खुर्ची आठवली.

पिवळं आयकार्ड

ज्या रिपोर्टसाठी मी काचेच्या केबिनमध्ये भांडून आले, त्या रिपोर्टमधला आकड्यांचा सगळा भाग कुणी केला होता? अडतीस शाखांचा डेटा, प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा, कुणी तारीख उलटी लिहिलेली, कुणी रुपयांऐवजी हजारात भरलेलं. तो सगळा गुंता कुणी सोडवला? पिवळ्या आयकार्डाने. मी त्याला "थँक्स रे, वाचवलंस" असं म्हटलं होतं. एकदा पिझ्झाही मागवला होता. आणि मग शेवटच्या स्लाइडवर 'टीम' या शीर्षकाखाली चार नावं टाकली होती. चारही निळी.

मुद्दाम नाही हो. खरंच नाही. टेम्प्लेटमध्ये जी नावं होती तीच ठेवली. पण १९५० ची ती यादी करणाऱ्यांनी तरी मुद्दाम केलं असेल का? बसले असतील, नावं घेतली असतील, जी आठवली ती लिहिली असतील. जो समोर दिसत नाही तो आठवत नाही. एवढंच होतं. कुणी दुष्ट असायची गरजच नसते.

आपण सगळे अप्रेजलच्या दिवशी स्वतःला सुलतान समजतो. पाचपैकी तीन मिळालेला, गळ्याला पट्टी बांधलेला, गुणी, दुर्लक्षित. माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही की या गोष्टीत मी सरसाहेब असू शकते. पोराला बोटीवर घेऊन येणारी, त्याच्या जिवावर मिरवणारी, आणि तरी स्वतःला त्याची हितचिंतक समजणारी.

दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, "तुझं कॉन्ट्रॅक्ट कधीपर्यंत आहे रे?"

"जूनपर्यंत मॅडम."

"पुढे?"

"माहीत नाही. वरती कुणी ओळखत नाही ना. बघू." आणि मान खाली. मोबाइलवर त्याचा घोडा कुठेतरी अडकला होता.

आता इथे एक प्रामाणिक कबुली. मेल लिहायला मला दोन दिवस लागले. कारण हिशेब सोपा होता. आकडे त्याने केले हे मी लिहून दिलं, तर माझ्या त्या तीनचे साडेतीन व्हायची जी काही आशा होती, तीही संपली. अपील करायची मुदत शुक्रवारपर्यंत होती. अपीलमध्ये लिहिण्यासारखी माझ्याकडे एकच भारी गोष्ट होती, आणि ती निम्मी माझी नव्हती. मी ड्राफ्ट उघडला, बंद केला. 'आमच्या टीमने' असं लिहून पाहिलं. ते बरोबर होतं. आणि पूर्ण खोटं होतं.

शेवटी गुरुवारी रात्री पाठवला. अपील नव्हे, साधा मेल. सरांना, आणि त्यांच्या वरच्यांना कॉपी. चार ओळी. कोणता भाग कुणी केला, त्याचं नाव आणि आडनाव, किती दिवसांत केला, आणि त्याचं कॉन्ट्रॅक्ट जूनमध्ये संपतंय. रिपोर्टची फाइल उघडली, शेवटची स्लाइड दुरुस्त केली. पाचवं नाव. अल्फाबेटप्रमाणे लावल्यावर ते पहिलं आलं, त्याला मी काय करू?

वजीर दिल्यावर कसं वाटतं, याची एक झलक मिळाली. हलकं वाटत नाही. कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. 'आपण मूर्खपणा केला का' असं वाटत राहतं, चाळीस खेळ्या.

आत्तापर्यंतचा स्कोअर

तुम्हाला शेवट हवा असेल तर सॉरी, डाव चालू आहे. माझं रेटिंग तीनच आहे. त्याचं कार्ड पिवळंच आहे. पण सोमवारी सर त्यांच्या केबिनमधून बाहेर आले, आमच्या ओळीवरून पुढे गेले, प्रिंटरपाशी थांबले आणि मला विचारलं, "तो आकड्यांवाला मुलगा, यातला कोणता?"

मी बोट दाखवलं नाही. मी त्याच्या नावाने हाक मारली.

तो उठून उभा राहिला. कानातला हेडफोन काढला. सर त्याच्याशी तीनेक मिनिटं बोलले. काय बोलले मला ऐकू आलं नाही, प्रिंटर चालू होता. पण त्या तीन मिनिटांत सरांचा फोन वाजला, आणि त्यांनी तो कट केला.

आज आपल्याकडे बुद्धिबळाचे दिवस आहेत. गुकेश २०२४ मध्ये जगज्जेता झाला. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला वर्ल्ड कप जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली, तेव्हा एअरपोर्टवर ढोल वाजले. वाजायलाच हवेत. पण ढोल वाजायला आधी नाव माहीत असावं लागतं, आणि नाव आधी कुणीतरी लिहावं लागतं. स्लाइडवर, मेलमध्ये, यादीत. जिंकणाऱ्याने जिंकायचं काम केलेलं असतंच.

तर या आठवड्याचा फंडा एकदम छोटा. सोमवारी ऑफिसला गेलात की तुमच्या शेवटच्या प्रेझेंटेशनची शेवटची स्लाइड उघडा. नावं मोजा. मग प्रिंटरच्या शेजारी कोण बसतं ते बघा.

आणि हो, लंचमध्ये मी आता त्याच्याकडून बुद्धिबळ शिकतेय. काल अठराव्या खेळीला हरले. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही राजाला लई लवकर लपवता."